क्रीडांगणावरील इजा आणि गणिताचा तास

खेळ म्हटला की लागायचेच, हे वाक्य शाळेच्या प्रत्येक क्रीडांगणावर ऐकू येते. गुडघा फुटलेल्या मुलाची समजूत घालण्यास ते पुरेसेही पडते. परंतु वर्षभरात किती मुलांना लागते, कोणत्या खेळात लागते, मैदानाच्या कोणत्या भागात लागते आणि लागल्यावर मूल ते कोणास सांगते, हे चार प्रश्न एखाद्या शाळेत विचारले, तर त्यांची उत्तरे देणारा माणूस सहसा सापडत नाही. शाळेच्या दप्तरात हजेरीची नोंद असते, परीक्षेच्या गुणांची असते, ग्रंथालयातील पुस्तकांची असते. इजांची वही मात्र क्वचितच दृष्टीस पडते.

दुसरीकडे, त्याच शाळेत गणिताच्या तासाला मुले आलेख काढीत असतात. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख आणि आठवीला विभाजित व शतमान स्तंभालेख येतात. केंद्रीय अभ्यासक्रमातही याच वयात माहितीचे संकलन व मांडणी शिकविली जाते. पुस्तकातील उदाहरणे बहुधा कोणा अज्ञात गावच्या पिकांची किंवा कोणा अज्ञात दुकानातील विक्रीची असतात. मुले मुकाट्याने स्तंभ उभे करतात, रंग भरतात, गुण मिळवितात आणि विसरून जातात. त्या आकड्यांत त्यांचे स्वतःचे असे काहीच गुंतलेले नसते. मैदानावरील इजा आणि वर्गातील आलेख या दोन गोष्टी एकत्र आणल्या, तर गणिताला विषय मिळतो आणि मैदानाला वही मिळते. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांकडून हे काम उत्तम रीतीने करून घेता येते. ते कसे करावे आणि त्यात कोणते खाचखळगे आहेत, हे तपशीलाने पाहण्याजोगे आहे.

आलेखाचा उपयोग माणसांचे प्राण वाचविण्यासाठी करावा, ही कल्पना नवी नाही. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आपली प्रसिद्ध वर्तुळाकार आकृती मांडली. तिच्यात प्रत्येक महिन्यासाठी एक पाकळी होती. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात आणि जखमांनी झालेले मृत्यू तांबड्या रंगात दाखविले होते. निळ्या रंगाचा विस्तार तांबड्याच्या कितीतरी पट होता. शत्रूच्या गोळीपेक्षा अस्वच्छता अधिक सैनिक मारीत आहे, ही गोष्ट लांबलचक अहवालांपेक्षा त्या एका चित्राने राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्टपणे उभी केली. त्याच्या चार वर्षे आधी, १८५४ मध्ये, लंडनमधील पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू पावलेल्या माणसांची घरे नकाशावर खुणांनी दाखविली. त्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेल्या आढळल्या. या दोघांनीही आधी मोजले, मग काढले आणि त्यानंतर मागणी केली. शाळेतील पाहणीचा क्रमही हाच असावा.

पहिले काम प्रश्नावलीचे. ते दिसते तितके सोपे नाही. 'तुला खेळताना लागले का?' असा प्रश्न विचारला, तर एक मुलगा नखाएवढा ओरखडाही सांगेल आणि दुसरा मनगट सुजले असतानाही 'नाही' म्हणेल. म्हणून इजा कशास म्हणावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. 'जिच्यामुळे त्या दिवशी खेळ सोडावा लागला किंवा दुसऱ्या दिवशी खेळता आले नाही, ती इजा' ही व्याख्या मुलांना समजते आणि मोजणीसही चालते. डोक्यास लागलेला मार मात्र खेळ सोडला नसला तरी मोजावा. त्याचे कारण पुढे येईलच. दुसरी गोष्ट कालावधीची. गेल्या वर्षभरातील इजा कोणासही नीट आठवत नाहीत. एका सत्रापुरते विचारणे बरे. तिसरी गोष्ट नावाची. उत्तरपत्रिकेवर नाव नसावे आणि पालकांना पाहणीची आगाऊ कल्पना द्यावी. मोठ्या पाहणीपूर्वी प्रश्न एका लहान गटावर पडताळून पाहण्याची पद्धत भारतातील संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आपल्या पीकपाहणीत कसोशीने पाळली होती. शाळेनेही दहा मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन जे प्रश्न त्यांना कळले नाहीत, ते बदलावेत.

उत्तरे आली की ताळ्याच्या खुणा करून वारंवारता सारणी तयार करावयाची. उदाहरणासाठी काही आकडे कल्पून घेऊ. एका शाळेत सातवी व आठवीची मिळून १२० मुले-मुली आहेत. प्रत्येकाने आपला मुख्य खेळ सांगितला. क्रिकेट खेळणारे ४८ निघाले, खो-खो खेळणारे २४, कबड्डी खेळणारे २०, फुटबॉल खेळणारे १६ आणि धावणे-उड्यांचा सराव करणारे १२. सत्रात इजा झालेली मुले अशी: क्रिकेटमध्ये १२, कबड्डीत ८, खो-खोत ६, फुटबॉलमध्ये ६ आणि धावणे-उड्यांत ३. एकूण ३५.

या आकड्यांचा साधा स्तंभालेख काढला की क्रिकेटचा स्तंभ सर्वांत उंच उभा राहतो. वर्गातील बहुतेक मुले तत्काळ निष्कर्ष काढतात की क्रिकेट हा सर्वांत धोक्याचा खेळ होय. शिक्षकाने येथेच थांबून एक प्रश्न टाकावा: क्रिकेट खेळणारी मुले किती आणि कबड्डी खेळणारी किती? क्रिकेटच्या ४८ पैकी १२ म्हणजे शेकडा २५. कबड्डीच्या २० पैकी ८ म्हणजे शेकडा ४०. फुटबॉलच्या १६ पैकी ६ म्हणजे शेकडा साडेसदतीस. खो-खोचे आणि धावणे-उड्यांचे प्रमाण क्रिकेटइतकेच, म्हणजे शेकडा २५. दुसरा स्तंभालेख या शेकडेवारीचा काढला की क्रिकेट खाली येते आणि कबड्डी वर जाते. आकडे तेच आहेत, मुलेही तीच आहेत. बदलला आहे तो केवळ भागाकार. शतमान काढणे म्हणजे परीक्षेतील एक प्रकारचे उदाहरण सोडविणे, अशी समजूत असलेल्या मुलाला शतमानाचे खरे काम येथे प्रथम उमगते.

अद्याप एक पायरी राहिली. क्रिकेट खेळणारी मुले आठवड्यातून सहा तास मैदानावर असतील आणि कबड्डी खेळणारी दोनच तास, तर दोघांची तुलना न्याय्य कशी होईल? जो अधिक वेळ खेळतो, त्याला लागण्याची संधीही अधिक. म्हणून क्रीडावैद्यकाचे अभ्यासक इजा दर हजार खेळतासांमागे मोजतात. सत्र वीस आठवड्यांचे धरले, तर क्रिकेटच्या ४८ मुलांचे ५,७६० तास होतात आणि त्यांत १२ इजा, म्हणजे हजार तासांस सुमारे दोन. कबड्डीच्या २० मुलांचे तास ८०० आणि इजा ८, म्हणजे हजार तासांस दहा. अंतर आता पाचपट झाले.

एवढ्यावरून कबड्डी बंद करा, असा हुकूम कोणी काढील, तर तोही अविचारच ठरेल. इजांची संख्या कळली, परंतु इजांचे स्वरूप कळले नाही. येथे विभाजित स्तंभालेख उपयोगी पडतो. कल्पिलेल्या शाळेतील कबड्डीच्या आठ इजांपैकी पाच खरचटण्याच्या आणि तीन पाय किंवा खांदा मुरगळण्याच्या आहेत, असे समजा. क्रिकेटच्या बारांपैकी चार खरचटण्याच्या, चार बोटांच्या, एक घोट्याची आणि तीन डोक्यास वा चेहऱ्यास चेंडू लागल्याच्या आहेत. प्रत्येक स्तंभाचे असे तुकडे करून निराळे रंग भरले की चित्र पुन्हा पालटते. कबड्डीत इजा वारंवार होतात, परंतु मैदान भुसभुशीत केले आणि अंग तापवून खेळास सुरुवात केली तर त्यांतील बऱ्याचशा कमी होण्यासारख्या आहेत. क्रिकेटमध्ये इजा विरळ होतात, परंतु त्यांतील तीन जीवावर बेतण्याच्या जातीच्या आहेत. एकाच सारणीतून निघालेल्या तीन आलेखांनी तीन उत्तरे दिली आणि तिन्ही खरी आहेत. प्रश्न कोणता विचारला, यावर उत्तर अवलंबून असते, हा धडा सातवीतल्या मुलास मिळाला, तर पुढे वर्तमानपत्रातील कोणताही आलेख तो डोळे मिटून स्वीकारणार नाही.

यानंतर मैदानाचा नकाशा. मुलांनी मैदान पावलांनी किंवा टेपाने मोजून आलेख-कागदावर प्रमाणात उतरावे आणि प्रत्येक इजेच्या जागी एक ठिपका द्यावा. स्नो यांच्या नकाशाचे हे लहान रूप होय. पस्तिसांपैकी नऊ ठिपके एकाच कोपऱ्यात दाटले, तर मुले आपण होऊन तेथे जाऊन पाहतील. तेथे खेळपट्टीचा दगडी रूळ उघड्यावर पडलेला असेल, नळाचे पाणी झिरपून निसरडे झाले असेल किंवा खो-खोच्या खांबाचे टोक फुटून धारदार झाले असेल. गावोगावचे नकाशे अर्थात निरनिराळे निघतील. गोव्यातील जांभ्या दगडाच्या भूमीवर पावसाळ्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या अडचणी एक, तर ग्वाल्हेर-इंदूरकडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात सराव करणाऱ्या मुलांच्या अडचणी दुसऱ्या. तेथे पडण्यापेक्षा उष्म्याची बाधा अधिक चिंतेची असू शकेल आणि प्रश्नावलीत पाणी, सावली व सरावाची वेळ यांविषयी प्रश्न घालावा लागेल. एका गावची पाहणी दुसऱ्या गावास जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणूनच ती प्रत्येक शाळेने स्वतः करावयाची असते.

पाहणीतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: 'लागल्यावर कोणास सांगितले?' कल्पिलेल्या शाळेत ३५ पैकी १४ मुलांनी कोणासही सांगितले नाही, असे धरू. कारण विचारता सात जण लिहितात की संघातून काढतील अशी भीती वाटली, चौघे लिहितात की घरी रागावतील आणि तिघांना ते किरकोळ वाटले. डोक्यास लागलेल्या तिघांपैकी एक या चौदांत आहे. या एका ठिपक्यासाठी सगळी पाहणी करावी, इतके त्याचे मोल आहे.

डोक्यास बसलेल्या माराने कवटीच्या आत मेंदू हादरतो. बाहेर जखम नसेल, शुद्धही हरपलेली नसेल, तरी आघात झालेला असू शकतो. डोके दुखणे, भोवळ, मळमळ, उजेडाचा त्रास, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणे, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे होत. काही वेळा ती काही तासांनी प्रकट होतात. अशा मुलाने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये, हा आज जगभर मान्य झालेला नियम आहे. वारंवार वांती, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायांतील अशक्तपणा यांपैकी काही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावयाचे. पडलेल्या मुलाची मान दुखत असेल तर त्यास उचलून बसविण्याचा प्रयत्न करू नये. एरवी एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास, मग हलका व्यायाम आणि वैद्यांनी अनुमती दिल्यावरच पूर्ण खेळ, असा परतीचा मार्ग असतो.

हा नियम फार किंमत देऊन हाती आला आहे. १९६२ मध्ये बार्बाडोस येथे चेंडू लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. ते वाचले, परंतु पुन्हा कसोटी सामना खेळू शकले नाहीत. १९७६ मध्ये किंग्स्टन येथे वडोदऱ्याचे अंशुमन गायकवाड ८१ धावांवर असताना कानावर चेंडू बसून जायबंदी झाले. त्या काळी फलंदाज हेल्मेट वापरीत नसत. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाका येथे रमण लांबा हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करीत होते. चेंडू डोक्यास लागल्यावर ते स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेले आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. 'चालतो-बोलतो आहे, म्हणजे ठीक आहे' ही समजूत किती फसवी असते, याचे याहून विदारक उदाहरण शोधण्याची गरज नाही. २०१४ मध्ये सिडनी येथे फिलिप ह्यूज यांस हेल्मेट असूनही मानेवर चेंडू लागून प्राण गमवावे लागले. अखेर १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मेंदूस मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ यांच्या जागी मार्नस लाबुशेन खेळले.

शाळकरी मुलांच्या बाबतीतला धडा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने शिकविला. २००६ मध्ये तेथील झॅकरी लायस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्यास मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा खेळावयास उतरला. सामन्यानंतर तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बोलणे-चालणे त्यास नव्याने शिकावे लागले. २००९ मध्ये त्याच्या नावाने त्या राज्याने कायदा केला. मेंदूस मार बसल्याचा नुसता संशय आला तरी मुलास खेळातून बाहेर काढावे, वैद्यकीय जाणकाराच्या लेखी अनुमतीवाचून परत घेऊ नये, आणि दरवर्षी खेळाडू व पालक यांस या धोक्याची माहिती देऊन त्यांच्या सह्या घ्याव्यात, ही त्याची तीन कलमे. पुढील पाच वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा स्वरूपाचे कायदे केले. कायद्याचा गाभा एवढाच आहे की मुलाने स्वतः सांगण्याची वाट पाहू नये. तेरा वर्षांचे मूल संघातील आपली जागा जाईल या भीतीने गप्प राहते, ही गोष्ट शाळेतील त्या चौदा उत्तरांतही लिहिलेली आहे.

आलेख काढताना प्रामाणिकपणाची काही पथ्ये पाळावी लागतात. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला पाहिजे. तो वीसपासून सुरू केला तर पंचवीस आणि चाळीस यांतील फरक चौपट भासेल. वृत्तालेख तेव्हाच काढावा, जेव्हा सर्व भागांची बेरीज नेमकी शंभर होते. एका मुलाने दोन कारणे लिहिली असतील तर वृत्तालेख खोटे बोलतो. लहान संख्यांवरून मोठा निष्कर्ष काढू नये. धावणे-उड्यांच्या बारा मुलांपैकी आणखी एकास लागले असते, तर पंचविसाचे तेहतीस झाले असते. आणि ज्या मुलाने लागल्यामुळे खेळच सोडला, तो 'मुख्य खेळ' या रकान्यात सापडणार नाही. त्याला विचारण्यास विसरू नये. वर्गातील एखाद्या मुलाची ओळख पटेल असा तपशील भिंतीवरील आलेखात कधीही येता कामा नये. उत्तरपत्रिकेच्या शेवटी 'अजून दुखत असल्यास शिक्षकांस भेटावे' ही ओळ मात्र अवश्य असावी.

एवढे झाल्यावर मुलांनी आपले आलेख मुख्याध्यापकांपुढे आणि पालकसभेत मांडावेत आणि प्रत्येक आलेखाखाली एक मागणी लिहावी. रूळ कुंपणाच्या आत ठेवावा, नळाचे पाणी चरीने बाहेर काढावे, चामड्याच्या चेंडूने सराव करताना हेल्मेट सक्तीचे असावे, सरावाच्या आधी अंग तापविण्याचा व्यायाम व्हावा. शेवटच्या मागणीस भक्कम आधार आहे. फुटबॉलसाठी तयार केलेल्या 'फिफा ११+' या व्यायामक्रमाची नॉर्वेतील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर चाचणी घेतली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणे हा व्यायाम करणाऱ्या संघांत एकंदर इजा सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर इजा जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. त्यास फारशा साधनांची गरज लागत नाही. वीस मिनिटे आणि एक शिस्तप्रिय शिक्षक एवढे भांडवल पुरते.

दुसऱ्या सत्राच्या अखेरीस हीच पाहणी पुन्हा करून दोन्ही सत्रांचा जोडस्तंभालेख काढावा. स्तंभ खाली आला तर आनंद मानावा, परंतु ऋतू बदलला म्हणून तो उतरला नाही ना, हेही विचारावे. एक स्तंभ मात्र उंचावलेला दिसला तरी चिंतेचे कारण नाही. 'लागल्यावर शिक्षकांस सांगितले' असे लिहिणाऱ्या मुलांचा तो स्तंभ होय. तो वाढला, याचा अर्थ मुलांचा भरवसा वाढला. त्यामुळे नोंदलेल्या इजांची संख्या काही काळ वाढलेलीही दिसेल आणि ती पूर्वी झाकलेली होती, हे शाळेने ओळखले पाहिजे.

कबड्डी आणि खो-खो हे मातीतले खेळ. त्यांचे नियम लिहून काढण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि वडोदऱ्याच्या हिंद विजय जिमखान्याने केले, तेव्हा हे खेळ गल्लीतून स्पर्धेच्या मैदानावर आले. नियम लिहिल्याने खेळाची रंगत उणी झाली नाही. इजांची नोंद ठेवल्यानेही ती उणी होणार नाही. चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने दिलेला एक ठिपका एखाद्या मुलास वेळेवर बाकावर बसवील आणि पुढच्या आठवड्यात सुखरूप मैदानावर परत आणील, तर गणिताच्या त्या तासाचे सार्थक झाले, असे म्हणावयास हरकत नाही.